वहीतलं जेवण

आठव्या महिन्यात माझं वजन वाढत होतं ते साड्यांमुळे. दर तपासणीला मी मागच्यापेक्षा जड साडी नेसायचे, निघताना दोन तांबे पाणी प्यायचे आणि डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर उभी राहून समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. ही विद्या माझी नव्हती. शाळेतल्या कबड्डीच्या मुली वजनगटात बसण्यासाठी काय काय उद्योग करतात ते मी कित्येक वर्षं पकडत आले होते. त्या वजन उतरवायच्या, मी चढवत होते, एवढाच फरक. मी खेळाची बाई होते. मुलींची लबाडी मी चेहऱ्यावरून ओळखते असा मला फार तोरा होता.

हे बंगळूरमधलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. मी पुण्याची. नवरा बंगळूरचाच, पण मराठी. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं तो सांगायचा. मराठी घर म्हणून माझ्या आईबाबांनी डोळे मिटून होकार दिला. लग्नानंतर कळलं की या घरातलं मराठी निम्मं कन्नड आहे. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'साकु' म्हणजे पुरे. हे दोन शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकले. बनशंकरीच्या घरात आम्ही तिघंच होतो, नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना त्यांचा मुलगासुद्धा अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात होता. कंपनीची बस सकाळी त्याला घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मधल्या वेळात घरात काय चालतं याची त्याला गंधवार्ता नसे. चांगला होता, पण विचारायचा नाही.

पुण्यासारखीच इथंही, जवळच्या एका इंग्रजी शाळेत, मला खेळाच्या बाईची नोकरी मिळाली होती. कन्नड येत नव्हतं, पण शिट्टी सगळ्या भाषांत सारखीच वाजते. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला तो पळण्याबद्दल. त्या साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं छोटंसं प्रसूतिगृह होतं. माझ्याशी त्या इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत बोलायच्या, अक्कांशी कन्नडमध्ये.

"सवय आहे ना? मग पळा," त्या म्हणाल्या. "पडू नका, धापा टाकू नका आणि उपाशीपोटी पळू नका."

मग त्यांनी कागदावर पेनानं भाकरीएवढा गोल काढला. ही वार, म्हणाल्या. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त हिच्यात शेजारी शेजारी येतं आणि बाळाचं सगळं अन्न हिच्यातूनच जातं. पहिल्या अर्ध्यात वार जोमानं वाढते, बाळ इवलंसं असतं. शरीर हलतं असेल आणि खाणं नीट असेल तर वार चांगली धरते. दुसऱ्या अर्ध्यात बाळ वजन घ्यायला लागतं, तेव्हा खाणं वाढवायचं आणि धावपळ आवरती घ्यायची. मी मान डोलावली. खरं तर मला फक्त 'पळा' एवढंच ऐकू आलं होतं.

पाचव्या महिन्यापर्यंत मी मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारत होते. भूक इतकी लागायची की अक्का मला दोन डबे देत, एक मधल्या सुट्टीचा आणि एक असाच. मग एके दिवशी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. पालक कुरबुर करतात, म्हणाल्या. पोटुशी बाई शिट्टी फुंकत मैदानात पळते हे बरं दिसत नाही. बाळंतपणानंतर बघू.

मी रागीट बाई आहे. एरवी मी त्यांच्या टेबलावर हात आपटला असता. त्या दिवशी मी 'बरं' म्हटलं, कपाटातले बूट पिशवीत घातले आणि घरी आले. वाटेत मला वाईट वाटेल म्हणून मी वाट बघत होते. वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हातावर डोकं ठेवून झोपल्यावर तो हात आपलाच आहे हे पटत नाही, तसं माझं सगळ्याच बाबतीत झालं. बाळ पोटात हललं. अक्कांनी देवापुढं साखर ठेवली, नवऱ्यानं पोटाला कान लावला. मी दोघांकडे नुसती बघत होते. ती बातमी मला दुसऱ्याच कुणाबद्दलची वाटली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी रीत. पण त्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि आईला त्यांच्या उशापासून हलता येईना. ती दर आठवड्याला एक निळं आंतर्देशीय पत्र पाठवायची. त्यात बाबांबद्दल दोन ओळी असत आणि उरलेल्या कागदावर मी काय काय खायला हवं त्याची यादी. सकाळी दुधात खारीक, न्याहारीला तूप घालून नाचणीची खीर, दुपारी दोन पोळ्या, उसळ, पालेभाजी, वरणभात, दही. चार वाजता राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी मुगाची खिचडी आणि पुन्हा दूध. जागा संपली की कडेनं उभ्या ओळीत 'अंजीर विसरू नकोस.'

सातव्या महिन्यात अक्कांनी सीमंत केलं, म्हणजे आपलं डोहाळजेवणच. चिकपेटातली दुकानं पालथी घालून त्यांनी माझ्यासाठी हिरवी रेशमी साडी आणली. पाच तऱ्हेचे भात केले, बायकांनी ओटी भरली, सगळ्यांनी मला घास भरवले. मी हसत होते, फोटोत तसं दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी माझ्या ताटात भाताची एक लहानशी मूद घातली, त्यावर पाण्यासारखं पातळ सार ओतलं आणि भाताचं भांडं झाकून ठेवलं.

"साकु," त्या म्हणाल्या. "आता हिथनं पुढं स्वल्प स्वल्प खायचं. पोटात जागा एकच गं पोरी. तूच सगळी भरलीस तर बाळ कुठं बसणार?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळ थोराड होतं. दोन दिवस अडून राहिलं आणि दोघंही गेली. अक्का तेव्हा बारा वर्षांच्या होत्या, दाराबाहेर बसून सगळं ऐकत होत्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बाळ लहान असलं तर बाई वाचते. स्वतःच्या वेळी त्यांनी शेवटचे तीन महिने असेच काढले होते. माझा नवरा जन्मला तेव्हा मांजराच्या पिलाएवढा होता, हे त्या फार कौतुकानं सांगायच्या. त्यांच्या ओळखीतल्या बहुतेक बायकांनी हेच केलं होतं. यात कंजूषपणा औषधालाही नव्हता. त्या मला वाचवायला बघत होत्या.

कष्टाचंही त्यांचं शास्त्र होतं. घरात इडलीचं वाटायला विजेचं यंत्र होतं. त्यावर अक्कांनी टॉवेल घातला आणि मला परसातल्या दगडी रगड्यापुढं बसवलं. बसून वाटलं की कंबर मोकळी होते, म्हणाल्या. फरशी काठीला फडकं लावून नाही, उकिडवं बसून हातानं पुसायची. दुपारी देवळापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. इथं मात्र अक्कांचं आणि माझं छान जमलं. मला अंग हलवायला कारणच हवं होतं. मी वरवंट्याचे फेरे मोजायचे, शंभर उजवीकडून, शंभर डावीकडून. पहिले काही दिवस भूक लागायची, पोट गुरगुरायचं, मी पाणी प्यायचे. मग भूकही लागेनाशी झाली.

सगळं अक्कांच्या माथी मारायला मी मोकळी नाही. मला पोट फाडून घ्यायची भयंकर भीती होती. शाळेतल्या एका बाईंचं तसं झालं होतं आणि त्या पुढं वर्षभर पोटाला हात लावून चालायच्या. एकदा पोटाला टाके पडले की पळणं संपलं, असं मी धरून चालले होते. बाळ लहान व्हावं असं अक्कांना वाटत होतं, तसं मलाही वाटत होतं. हे मी आजवर कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडे शिंप्याकडे असते तशी टेप होती. मला झोपवून त्या पोटाची उंची मोजायच्या. पाचव्या महिन्यानंतर, जितकावा आठवडा चालू असेल साधारण तितके सेंटिमीटर भरायला हवेत, असा त्यांचा आडाखा. बत्तिसाव्या आठवड्याला टेप अठ्ठावीसवर थांबली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग वळून अक्कांना कन्नडमध्ये विचारलं, "हिला घरी पोटभर जेवायला मिळतं ना?"

तेवढं कन्नड मला कळत होतं. अक्कांचा चेहरा पडला. त्यांच्या दारातून तेलवालासुद्धा कॉफी घेतल्याशिवाय जात नसे, आणि परक्या बाईनं नर्ससमोर त्यांना सुनेला उपाशी ठेवता का म्हणून विचारावं! मला डॉक्टरीणबाईंचाच राग आला. त्या सगळ्या महिन्यांत मला आलेला हा एकच राग, आणि तोही चुकीच्या माणसाचा.

"मी भरपूर खाते," मी इंग्रजीत ठणकावलं.

"हौदु, हौदु," अक्का म्हणाल्या. हो, हो.

"मग लिहून आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं. दर वेळी वही आणायची."

पहिल्या दिवशी मी खरं लिहिलं. सकाळी कॉफी आणि एक इडली. दुपारी एक मूद भात, सार. संध्याकाळी ताक आणि अर्धी मूद भात. लिहिलेलं वाचून बघितलं तर ते तुरुंगातल्या बाईचं जेवण वाटलं. हे वाचून डॉक्टरीणबाई अक्कांकडे कशा बघतील ते मला लख्ख दिसलं. मी पान फाडलं. शेजारी आईचं पत्र पडलं होतं. मी त्यातली यादी इंग्रजीत उतरवून काढली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी उसळीऐवजी आमटी घातली, तिसऱ्या दिवशी अंजीर. खारकेला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून खजूर लिहिला. मजा येत होती असंही नाही. शाळेत हजेरी मांडतात तसं मांडत होते.

अक्कांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. वही त्या स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायच्या आणि डॉक्टरीणबाईंपुढं ठेवायच्या. सून किती नेटकं लिहिते याचं त्यांना अप्रूप होतं. शेजारच्या बाईंनाही त्यांनी वही दाखवली. आत कुठं काय लिहिलंय ते ना दाखवणारीला कळत होतं ना बघणारीला. पण नुसती वही पुरली नसती. एवढं खाणाऱ्या बाईचं वजन वाढायला हवं, म्हणून ती साड्यांची युक्ती. दवाखान्यात जाताना चांगली साडी नेस, असं अक्काच सांगायच्या, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

छत्तिसाव्या आठवड्याला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून आणायला लावली. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग वही उघडली, मग काट्यावरचं वजन बघितलं.

"तुम्ही खाता. तुमचं वजन वाढतंय. बाळाभोवती पाणी पुरेसं आहे. वार तर उत्तम आहे, तुमच्या पळण्याचा फायदा झाला असणार. मग बाळच का वाढत नाही?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "बाळातच काही दोष असेल तर तो जन्मल्यावर शोधावा लागेल. तोवर डाव्या कुशीवर पडून राहा. कष्टाची कामं बंद."

तिथं मी बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आले आणि गिळले, असं काहीतरी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण काही आलंच नाही. मी निऱ्या नीट केल्या आणि उठले. बाहेर बाकावर अक्का बसल्या होत्या.

"काय म्हणाल्या?"

"बाळ लहान आहे म्हणाल्या."

अक्कांनी देवळाच्या दिशेला हात जोडले. पडून राहायला सांगितलंय हे मी घरी सांगितलंच नाही. पडलं की नुसतं छत दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रगड्यापुढं जाऊन बसले.

अडतिसाव्या आठवड्यात, दुपारची जेवणं झाल्यावर कळा सुरू झाल्या आणि दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. एकही टाका पडला नाही. अक्कांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ, कशी अलगद सुटलीस," त्या म्हणत होत्या. पोरगी एक किलो नऊशे भरली. मोठ्या बहिणीचा झगा घातल्यासारखी तिची कातडी अंगावर सैल होती. मांड्यांना घड्या पडलेल्या आणि डोळे म्हातारीसारखे मोठे. नर्सनं ती माझ्यासमोर धरली. मी 'हो' म्हटलं. अशा वेळी आई काय म्हणते ते मला सुचलं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई स्टीलच्या ताटात वार घेऊन आल्या. मी ती पहिल्यांदाच बघत होते. गडद लाल, जाडजूड, ताट भरून. त्यांनी हातमोज्याच्या बोटानं ती उलटसुलट केली. कुठं पांढरा डाग नाही, कुठं सुकलेली नाही, म्हणाल्या. एवढ्या वारेवर तीन किलोचं बाळ सहज पोसलं असतं. "सगळं वाढायला तयार होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या. वार काय सांगतेय ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मला तहान लागली होती, मी पाणी मागितलं.

पोरीला शेजारच्या खोलीत काचेच्या गरम पेटीत ठेवलं. तिच्या रक्तातली साखर सारखी खाली जात होती. ती बघायला नर्स दिवसातून चारपाचदा, आलटून पालटून एकेका टाचेला, सुई टोचायची. आतड्याचा काही दोष असेल, दुसरं काही असेल, म्हणून दूध बेतानं, चमच्यानं मोजून. बाकी बाटलीतून शिरेत. रक्ताच्या नळ्या बाहेर तपासायला गेल्या, छातीचा फोटो झाला. सगळं व्यवस्थित येत होतं. एकेक तपासणी व्यवस्थित आली की डॉक्टरीणबाई पुढची सांगायच्या. नवरा संध्याकाळी येऊन काचेवर हात ठेवून उभा राहायचा. "काय शोधतायत गं?" त्यानं मला विचारलं. निदान एकदा तरी विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई पेटीच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. मी आणि अक्का तिथंच होतो. पोरीला मोठ्या इस्पितळात पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. तिथं पाठीच्या मणक्यातून पाणी काढतील, हृदयाची नीट तपासणी करतील. किती दिवस लागतील सांगता येत नाही, आईला बरोबर राहता येईलच असं नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांना सगळं पुन्हा एकदा ताडून बघायचं होतं. त्यांनी माझी वही उघडली आणि अक्कांना कन्नडमध्ये वाचून दाखवू लागल्या. सकाळी दुधात खजूर. तूप घालून नाचणी. दुपारी दोन चपात्या, उसळ, पालेभाजी, भात, डाळ, दही. चार वाजता राजगिऱ्याचा लाडू.

अक्कांच्या घरात एकादशीला भात चालत नाही म्हणून तेवढ्या चपात्या होत, एरवी नाहीत. राजगिऱ्याचा लाडू त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. दुसऱ्याच पदार्थाला त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग शेवटपर्यंत बघतच राहिल्या. वाचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे सगळं खात होती?"

"हौदु," अक्का म्हणाल्या. "मीच करून देत होते."

आवाज जरासुद्धा हलला नाही. मी त्यांना झाकलं होतं, आता त्या मला झाकत होत्या. डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. नर्स सुई घेऊन आली. तिनं पोरीचा पाय पेटीबाहेर काढला, माझ्या अंगठ्याएवढी टाच बोटांत धरली. टाचेवर निळे ठिपके होते. मोजायची सवय मला कुठंही सुटत नाही. सात होते. नर्स आठव्याला जागा शोधत होती आणि पोरीनं आधीच तोंड वाकडं केलं होतं. तीन दिवसांत ती शिकली होती की पाय धरला की दुखतं.

"लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "कुठलं?"

"सगळं. खजूरसुद्धा."

"आणि वजन?"

"साड्या. आणि पाणी पिऊन यायचे."

"विश्रांती?"

"घेतली नाही. रोज रगड्यावर वाटत होते." मग मी दिवसाचं खरं जेवण सांगितलं. ते सांगायला फार वेळ लागला नाही.

त्या ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि नर्सला हातानंच थांबवलं. "मी तीन दिवस या पोरीत रोग शोधतेय," त्या हळू म्हणाल्या. "तिचं दूध तोडलं मी. तुमच्या वहीवर विश्वास ठेवून."

आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. अक्कांना शब्द कळत नव्हते, चेहरे कळत होते. त्या पुढं आल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "काय झालंय माझ्या नातीला? काय निघालं?"

"काही नाही निघालं, अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोर उपाशी आहे. तेवढंच."

ते मला कन्नडमध्ये कळलं, आणि तेव्हा मला लागलं. मी मोठ्यानं रडायला लागले. मला स्वतःची लाज वाटत होती, त्या टाचेकडे बघवत नव्हतं, आणि मला भयंकर भूक लागली होती. सगळं एकदमच आलं. अक्का पेटीला धरून उभ्या होत्या. "लहान म्हणजे सुखरूप, असं मला वाटायचं," त्या म्हणाल्या. "मीच वाढत होते." मी म्हटलं, "मीच लिहीत होते." डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघींकडे लक्षच दिलं नाही. त्या नर्सला दुधाचं सांगत होत्या. दर तासाला, पोरगी घेईल तेवढं.

नर्सनं पोरीला पेटीतून काढून माझ्या मांडीवर दिलं. मी पिळून काढलेलं दूध बोंडल्यात घेऊन ती समोर बसली आणि बोंडल्याची चोच तिच्या ओठांना लावली. पोरगी गपागप प्यायली, गालावरून ओघळलेलंही जिभेनं शोधत होती. बोंडलं संपलं. तिचं तोंड उघडंच होतं. नर्स उठायला लागली.

"इन्नू," मी म्हटलं. आणखी. माझा आवाज एवढा मोठा निघाला की ती दचकून पुन्हा खाली बसली.